चौतीस विजय आणि एक जुना पराभव

पर्ड्यू विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा २०२३-२४ चा मोसम कागदोपत्री ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. पण इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेत या विद्यापीठाच्या गावात त्याची सुरुवात सगळे १७ मार्च २०२३ पासून मोजत. त्या रात्री कोलंबस येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, पहिले मानांकन मिळालेल्या पर्ड्यूला सोळावे, म्हणजे गटातले सर्वांत खालचे, मानांकन मिळालेल्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने ६३-५८ असे हरवले होते. पुरुषांच्या या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला बाहेर काढण्याची ही केवळ दुसरी वेळ होती. मी ऑगस्टमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिथे पोहोचलो, तेव्हा प्रयोगशाळेतले सहकारी त्या सामन्याचा विषय घरातल्या कोर्टकचेरीबद्दल बोलावे तसा आवाज खाली करून काढत. विरुद्ध संघाचे नाव मात्र सहसा कोणी घेत नसे.

बास्केटबॉल मला नवा नव्हता. सांगलीत महाविद्यालयाच्या संघातून मी खेळलो होतो आणि शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना गेलो होतो. सिमेंटच्या कोर्टवर, दुपारच्या उन्हात, हरला की बॅग भरायची अशा त्या स्पर्धा असत. त्यामुळे ‘मोसम’ हा शब्द आमच्या तोंडी असला तरी प्रत्यक्षात तो काही दिवसांतच उरकत असे. इथे नोव्हेंबर ते मार्च असे एकतीस नियमित सामने होते, त्यातले वीस बिग टेन या साखळीतले. नावात दहा असले तरी त्या वर्षी तिच्यात चौदा विद्यापीठे होती. त्यानंतर साखळीची स्वतःची बाद स्पर्धा आणि शेवटी अडुसष्ट संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिथे एक पराभव म्हणजे वर्ष संपले. पाच महिन्यांच्या कामाचा निकाल चाळीस मिनिटांत लावणारी ही रचना मला सुरुवातीपासून अन्यायकारक वाटत होती आणि मोसम संपल्यावरही तसे वाटणे पूर्णपणे गेलेले नाही.

नियमही थोडे निराळे होते आणि त्या निराळेपणाचा या संघाशी थेट संबंध होता. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा-दहा मिनिटांची चार सत्रे असतात आणि चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत फेक करावी लागते. अमेरिकी महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळात वीस मिनिटांचे दोन भाग आणि तीस सेकंदांची मुदत असते. संघाच्या फाउलांची मोजणी आपल्याकडे दर सत्राला नव्याने सुरू होते, तिथे ती अर्धा सामना चालू राहते. सातव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला मुक्त फेक मिळू लागते आणि दहाव्यापासून प्रत्येक वेळी दोन फेकी मिळतात. ज्या संघाकडे बास्केटखाली उभा राहणारा आणि ज्याला फाउल केल्याशिवाय रोखता येत नाही असा खेळाडू आहे, त्याला हे नियम फार मानवतात. पर्ड्यूकडे झॅक ईडी होता.

ईडीची उंची सात फूट चार इंच. तो टोरोंटोचा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळलेला आणि बास्केटबॉलकडे बराच उशिरा वळलेला. २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरूनही व्यावसायिक लीगकडे न जाता तो चौथ्या वर्षासाठी परतला होता. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना त्याच्याबद्दल वाटणाऱ्या आपुलकीचे आणखी एक कारण होते. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली होती; पण ईडी कॅनडाचा नागरिक आणि विद्यार्थी व्हिसावर आलेला असल्यामुळे, त्याच्या संघसहकाऱ्यांना सहज जमणारी ही कमाई त्याला अमेरिकेत राहून करता येत नव्हती. विद्यापीठाबाहेर काम करण्यावर आमच्यावर जी बंधने होती, त्याच जातीची बंधने देशातल्या सर्वांत नावाजलेल्या महाविद्यालयीन खेळाडूवर होती, ही गोष्ट आमच्या खोलीत वारंवार आणि काहीशा समाधानाने बोलली जात असे.

मोसमाआधी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: बदलले काय? प्रशिक्षक मॅट पेंटर २००५ पासून या संघाचे प्रमुख होते आणि त्याआधी ते इथेच खेळले होते. त्यांच्या संघाला २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासने, २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने आणि २०२३ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने घरी पाठवले होते. इतक्या ओळीने असे झाल्यावर मोठी उलथापालथ होईल अशी माझी अपेक्षा होती. झाले ते फारच थोडे. ईडी परतला. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोन गार्ड (चेंडू पुढे आणून चाल रचणारे खेळाडू), जे त्या पराभवाच्या वेळी पहिल्या वर्षाला होते, तेही कायम राहिले. बाहेरून सदर्न इलिनॉयचा लान्स जोन्स हा वेगवान, बचावात चिवट असा अनुभवी गार्ड आला. आधी सुरुवातीच्या पाचांत खेळलेला मेसन गिलिस राखीव म्हणून बाकावरून येऊ लागला. बस्स.

जुना सामना मी ध्वनिचित्रमुद्रणावर पाहिला, तेव्हा या अल्पशा दुरुस्तीमागचा हिशेब कळला. फेअरली डिकिन्सनच्या बुटक्या, चपळ खेळाडूंनी ईडीला पुढून-मागून वेढले होते, संपूर्ण कोर्टभर दबाव टाकून पर्ड्यूच्या नवख्या गार्डना दमवले होते आणि बाहेरून फेकण्याचे आव्हान दिले होते. पर्ड्यूने तीन गुणांच्या सव्वीस फेकींपैकी फक्त पाच यशस्वी केल्या आणि सोळा वेळा चेंडू गमावला. उणीव खेळाच्या मूळ पद्धतीत नव्हती. चेंडू वर आणणारा आणखी एक हात आणि बाहेरून निर्धास्त फेकणारे खेळाडू एवढेच हवे होते. हे ओळखून बाकी काही न मोडण्याचा निर्णय पेंटर यांनी घेतला. माझ्या मते हाच या मोसमातला सर्वांत अवघड निर्णय होता, कारण तो निर्णय म्हणून कोणाला दिसतच नव्हता.

सामने पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांचा मोसमभराचा पास घेतला. पास असला तरी चांगली जागा मिळवायची तर दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधी रांगेत उभे राहावे लागे आणि जानेवारीत ती रांग शून्याखालच्या थंडीत असे. १९६७ साली सुरू झालेले मॅकी अरीना हे गोल, घुमटाकार छताचे सभागृह आहे; साडेचौदा हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात आणि त्या छतामुळे आवाज बाहेर न जाता पुन्हा डोक्यावरच येतो. पहिल्या सामन्यात सॅमफर्डला ९८-४५ असे हरवल्यावर मला वाटले की असेच चालणार असेल तर पाहायचे काय. शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक विद्यार्थ्याने मात्र त्या संपूर्ण सामन्यात फलकाकडे क्वचितच पाहिले. तो जोन्स चेंडू किती वेळा वर आणतो ते बोटांवर मोजत होता.

दिवाळीनंतरचा रविवार, १९ नोव्हेंबर, आम्ही क्रिकेटसाठी राखून ठेवला होता. अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना इंडियानाच्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेतीनला सुरू झाला आणि सकाळी अकराच्या आत संपला. सलग दहा सामने जिंकलेला भारतीय संघ अकरावा हरला. खोलीत कोणी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा क्रिकेटमधले ओ की ठो न कळणाऱ्या एका अमेरिकी सहकाऱ्याने काय झाले ते विचारले. मी सांगितले: दहा जिंकले, शेवटचा हरले. त्याला पुढचे काही सांगावे लागले नाही. तो पर्ड्यूचाच पदवीधर होता.

त्याच संध्याकाळी पर्ड्यूची हवाईतल्या माउई बेटावरची नावाजलेली स्पर्धा सुरू झाली, जी ऑगस्टमध्ये लहायना गावात लागलेल्या भीषण वणव्यामुळे त्या वर्षी होनोलुलूला हलवण्यात आली होती. तीन दिवसांत गोंझागा (७३-६३), टेनेसी (७१-६७) आणि मार्क्वेट (७८-७५) असे तीन बलाढ्य संघ हरवून पर्ड्यूने ती जिंकली. यातले दोन प्रतिस्पर्धी चार महिन्यांनी पुन्हा समोर येणार होते. सामने अटीतटीचे झाले आणि शेवटच्या मिनिटांत चेंडू सांभाळला गेला, याचे गावात विजयापेक्षा अधिक कौतुक झाले.

डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी नॉर्थवेस्टर्नच्या सभागृहात संघ जादा वेळेत ९२-८८ असा हरला आणि तिथले विद्यार्थी कोर्टवर धावून आले. असे धावून येणे पर्ड्यूच्या वाट्याला वरचेवर येई, कारण अव्वल संघाला हरवणे हा यजमानांचा उत्सव असतो. महिन्याच्या मध्यास मी मित्रांसोबत शंभरेक किलोमीटरवरच्या इंडियानापोलिसला ॲरिझोनाविरुद्धचा सामना पाहायला गेलो. ॲरिझोना तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होते. त्यांनी ईडीभोवती गर्दी केली आणि स्मिथ व लॉयर यांनी मोकळ्या जागांचा पुरेपूर फायदा उठवत ९२-८४ असा विजय मिळवून दिला. मार्चमध्ये ज्यांच्या हातांवर सगळ्यांनी बोट ठेवले होते ते हेच दोघे होते. माझ्यासाठी मोसमाचा अर्थ त्या दुपारी स्पष्ट झाला. नंतरचे बरेचसे त्याचेच विस्तारीकरण होते.

जानेवारी आणि फेब्रुवारीबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, असे कोणी म्हणेल. मला तोच काळ सर्वांत जास्त आवडला. अभ्यासाचा ताण, लवकर पडणारा अंधार आणि आठवड्याला साधारण दोन सामने. सुरुवातीला माझी नजर चेंडूमागे जाई. हळूहळू चेंडू येण्यापूर्वी ईडी पाय कुठे रोवतो, कमरेने बचावपटूला कसा मागे ढकलत नेतो आणि पंच ते कुठपर्यंत खपवून घेतात, हे दिसू लागले. मग लक्ष स्मिथवर गेले. सहा फुटांच्या आसपासचा हा मुलगा सामन्यामागे सातहून अधिक बास्केट दुसऱ्यांना करून देत होता. ईडीला पुढे बोलावून घेत, त्याच्या आडोशाने वळून, बचावातला दुसरा माणूस कोणाकडे झुकतो एवढे पाहायला तो अर्धा क्षण थांबे. त्या अर्ध्या क्षणात सगळा निर्णय होई. टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा चेंडू सोडत नाही. ईडीला पंच झुकते माप देतात अशी ओरड प्रत्येक परगावी होत असे. त्याला सामन्यामागे दहाहून अधिक मुक्त फेकी मिळत, हे खरे. त्याच्या दंडांवर आणि मानेवर किती ओरखडे असत, हे समोरच्या रांगेतून पाहिल्यावर मला त्या आकड्याचे नवल वाटेनासे झाले.

९ जानेवारीला, पर्ड्यू देशात अव्वल असताना, नेब्रास्काने ८८-७२ असा दणका दिला आणि १८ फेब्रुवारीला ओहायो स्टेटने ७३-६९ असे हरवले. त्यांनी तर चारच दिवसांपूर्वी आपले प्रमुख प्रशिक्षक बदलले होते. प्रत्येक पराभवानंतर गावातले जुने भय वर येई. ५ मार्चला इलिनॉयच्या मैदानावर ७७-७१ असे जिंकून पर्ड्यूने बिग टेनचे निर्विवाद विजेतेपद मिळवले. साखळीतली अंतिम नोंद सतरा विजय, तीन पराभव. वीस सामन्यांतले सतरा जिंकण्याचे मोल कोणत्याही बाद फेरीपेक्षा कमी नाही असे मी तेव्हा एका स्थानिक मित्राला सांगितले. तो म्हणाला, “मागच्या वर्षीही आम्हीच जिंकलो होतो.” त्याचे खरे होते.

राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना २२ मार्चला इंडियानापोलिसला होता. प्रतिस्पर्धी ग्रॅम्बलिंग स्टेट, मानांकन पुन्हा सोळावे. कॉफीच्या दुकानातही लोक आदल्या दिवसापासून २०१८ चा दाखला देत होते: तेव्हा सोळाव्याकडून ७४-५४ असे हरलेले व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेते झाले होते. सभागृहातला पहिल्या दहा मिनिटांतला ताण मी याआधी कुठल्याही खेळात अनुभवला नव्हता. बास्केट झाली तरी टाळ्या कशाबशा पडत. ईडीने तीस गुण आणि एकवीस रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर हस्तगत केलेले चेंडू) घेतले, निकाल ७८-५० लागला आणि शेवटच्या मिनिटांत माझ्या पुढच्या ओळीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी पहिल्यांदा पाठ टेकवली. दोन दिवसांनी युटा स्टेटला १०६-६७ असे हरवले, त्याबद्दल एवढेच पुरे. डेट्रॉइटमध्ये गोंझागाला ८०-६८ असे हरवल्यावर ३१ मार्चला, ईस्टरच्या रविवारी, टेनेसी समोर आले.

हा सामना मी गावातच, परिसरातल्या एका भोजनगृहात तुडुंब गर्दीत पाहिला. टेनेसीच्या डाल्टन नेक्टने सदतीस गुण केले आणि ते सगळे अवघड जागांवरून होते. ईडीने चाळीस गुण आणि सोळा रिबाउंड मिळवले. सामना बराच वेळ या दोघांत चालल्यासारखा दिसला. मात्र अखेरच्या टप्प्यात निर्णायक तीन गुण मिळाले ते लान्स जोन्सच्या फेकीतून. वर्षभरापूर्वी जो खेळाडू संघात नव्हता त्याने ती फेक केली आणि मग ईडीने बास्केटपाशी शिरलेल्या नेक्टचा चेंडू हवेतच अडवला. ७२-६६. पर्ड्यू १९८० नंतर प्रथमच अंतिम चार संघांत पोहोचले होते. माझ्याजवळ उभ्या असलेल्या बाई, ज्यांनी आपण तेव्हा शाळेत होतो असे मध्यंतरात सांगितले होते, त्या आता रडत आणि हसत फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या.

ॲरिझोनातल्या ग्लेनडेल येथे उपांत्य सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटला ६३-५० असे हरवून पर्ड्यू अंतिम फेरीत गेले. याआधी ते १९६९ मध्ये एकदाच तिथवर पोहोचले होते आणि तेव्हा प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीएलए) संघाकडून हरले होते. वुडन स्वतः पर्ड्यूचे माजी खेळाडू. यंदा समोर गतविजेते कनेक्टिकट होते. सामना सोमवारी, ८ एप्रिलला. त्याच दुपारी इंडियानावरून खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी जात होती. वेस्ट लाफायेत तिच्या किंचित बाहेर पडत असल्याने अर्धे विद्यापीठ दक्षिणेकडे गाड्या घेऊन निघाले होते. ग्रहण भारतात दिसणार नसल्यामुळे ते पाळायचे नाही, असा निर्वाळा आईने आधीच दिला होता. आम्ही तीनच्या सुमारास चश्मे लावून हिरवळीवर उभे राहिलो, उजेड विचित्र पिवळट झाला, आणि पाच मिनिटांत चर्चा पुन्हा कनेक्टिकटच्या डोनोव्हन क्लिंगनवर आली. सात फूट दोन इंचांचा हा बचावपटू ईडीला एकट्याने अडवू शकेल का, हाच प्रश्न होता.

त्याने अडवले नाही. पण त्याला अडवण्याची गरजही नव्हती. कनेक्टिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी फेअरली डिकिन्सनच्या नेमकी उलट योजना केली होती. ईडीभोवती दोन-तीन माणसे लावण्याऐवजी त्यांनी त्याला बहुतेक वेळ एकाच बचावपटूच्या हवाली केले आणि उरलेल्यांना पर्ड्यूच्या बाहेरच्या फेकणाऱ्यांना चिकटवून ठेवले. संपूर्ण मोसमात तीन गुणांच्या सुमारे चाळीस टक्के फेकी यशस्वी करणाऱ्या पर्ड्यूला त्या रात्री अशा फक्त सात फेकी करता आल्या आणि त्यातली एक आत गेली. ईडीने सदतीस गुण केले. बाकी सगळ्यांनी मिळून तेवीस. मध्यंतराला ३६-३० अशी पिछाडी होती आणि निकाल ७५-६० लागला. कनेक्टिकटचे हे सलग दुसरे विजेतेपद होते.

सामना संपायला मध्यरात्र होत आली होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. माझा खोलीतला सोबती नाशिकचा. सकाळी श्रीखंडाचा डबा उघडतानाच त्याने वादाला तोंड फोडले. त्याचे म्हणणे असे की, पेंटर यांनी ईडीला चेंडू देणे मध्येच कमी करून गार्डना मोकळे खेळू द्यायला हवे होते. सदतीस गुण हाच सापळा होता आणि संघ त्यात अडकला. माझे म्हणणे असे की, ज्या पद्धतीने चौतीस सामने जिंकले, तीच पद्धत अंतिम रात्री सोडली असती तर पराभव मोठा झाला असता. कनेक्टिकट सरस होते आणि सरस संघाकडून हरणे व सोळाव्या मानांकनाकडून हरणे यांत फरक आहे. ईडी त्या वर्षी पुन्हा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, जे १९८० च्या दशकातल्या राल्फ सॅम्पसननंतर कोणाला सलग साधले नव्हते. जूनमध्ये मेम्फिसच्या व्यावसायिक संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडसत्रात त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. स्मिथ आणि लॉयर आणखी शिकायला राहिले. सोबत्याने अजून आपला मुद्दा सोडलेला नाही. त्या सामन्याचे चित्रण काढून, उत्तरार्धात ईडीकडे चेंडू गेलेल्या प्रत्येक चालीत बाहेरचे बचावपटू कुठे उभे होते, हे तो मला दाखवत असतो. आणि ते पाहिल्यावर कबूल करावे लागते की त्यातल्या दोन-तीन वेळा लॉयर खरोखरच मोकळा होता.